विद्यार्थी बाबासाहेबांची शिदोरी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची नामावळी आपल्या समाजातील लहान मुलालाही मुखोद्गत असते. त्या पदव्यांसाठी आगबोटीचे भाडे कोणी दिले, परदेशातील खोलीचे आणि जेवणाचे पैसे कोठून आले, ही हकिकत मात्र क्वचितच सांगितली जाते. बाबासाहेब हे मूळचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी. त्यांच्या अध्ययनाचा पहिला दशकभराचा काळ पाहिला, तर अभ्यास किती व्हावा हे त्यांच्या बुद्धीपेक्षा त्यांच्याजवळच्या पैशांनीच अधिक वेळा ठरविले असे दिसते.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले. घराचा आधार गेला. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेस पाठविण्याचे योजिले व त्यांत भीमरावांची निवड केली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, अशा अटी होत्या. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

त्या साडेअकरा पौंडांतून काटकसर करून ते घरी रमाईंनाही पैसे पाठवीत, आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ विकत घेत. कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अर्थशास्त्राचा पाया घातला. १९१५ मध्ये एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस होते. जातीविषयीचे त्यांचे पहिले विद्वत्तापूर्ण प्रतिपादन मुंबईत वा पुण्यात नव्हे, तर न्यूयॉर्कच्या एका वर्गात ऐकले गेले, आणि ते तेथवर पोहोचले ते त्या शिष्यवृत्तीच्या बळावर.

पुढे ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव नोंदविले. परंतु वाढवून मिळालेली मुदत १९१७ मध्ये संपली व अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. प्रा. कॅनन यांच्या सहानुभूतीमुळे ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी तेवढी मिळाली. परतीच्या वाटेवर युद्धाने आणखी एक घाव घातला. त्यांचे सामान ज्या जहाजात होते ते बुडाले आणि त्याबरोबर पुस्तकेही गेली. भरपाईचे ६०० रुपये हाती आले. त्यांतील काही घरी देऊन उरलेल्या पैशांवर ते बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास गेले.

बडोद्यात काय झाले ते आपण जाणतोच. शिपाई लांबून फायली फेकीत. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. ज्या संस्थानच्या पैशाने न्यूयॉर्कमध्ये खोली मिळाली, त्याच संस्थानच्या राजधानीत त्यांना डोके टेकण्यास जागा मिळाली नाही. महाराजांची उदारता खरी होती. पण कारकुनाच्या मनातली जात कोणत्याही शिष्यवृत्तीने फिटत नाही.

आता चार वर्षांची मुदत डोक्यावर होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये होता, तरी राहणे परळच्या चाळीतील दोन खोल्यांत. एक-एक रुपया बाजूला पडत होता तो लंडनसाठी. ही काटकसर रमाईंच्या संसारातून होत होती, हे विसरता कामा नये. अखेर साठविलेला पैसा, कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांची १५०० रुपयांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून ५००० रुपयांचे कर्ज, एवढ्या शिदोरीवर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले.

येथे एक विलक्षण योग आहे. १९२० च्या आरंभी रुपयाला दोन शिलिंगांहून अधिक मिळत असत. पुढच्या वर्षी तोच रुपया जेमतेम सव्वा शिलिंगावर आला. रुपयांत जमविलेली पुंजी पौंडांत खर्च करणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक रोजच्या भाकरीत जाणवला असणार. आणि तोच विद्यार्थी त्या काळात रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होता! सकाळी बेताचा नाश्ता, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री पापडाचा आधार, असा त्यांचा क्रम होता. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले. पुढल्या मे महिन्यात महाराज निवर्तले.

जून १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी. एस्सी.चा प्रबंध सादर झाला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो सुधारून देण्यास सांगितले. ब्रिटिश राज्यकारभारावरील टीका त्यांना झोंबली, असे म्हटले जाते. लंडनमध्ये राहून फेरलेखन करावे, तर पैसे संपलेले. म्हणून एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, तेथेच प्रबंधावर पुन्हा हात फिरविला आणि तो लंडनला पाठविला. त्या वर्षाअखेर पदवी मिळाली, तेव्हा ते मुंबईतच होते. कोलंबियाची पीएच. डी. तर आणखी लांबली. प्रबंधाच्या छापील प्रती दिल्याखेरीज तेथे पदवी मिळत नसे. तो ग्रंथ १९२५ मध्ये निघाला आणि पदवी १९२७ मध्ये हाती आली. ग्रंथ त्यांनी कृतज्ञतापूर्वक सयाजीरावांना अर्पण केला. बडोद्यातील अपमानाची कडवट आठवण मनात असूनही.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशातील शिक्षणासह, सरकारने पैसा द्यावा अशी मागणी केली. पुढे तरतूद झाली आणि आपल्या समाजातील काही तरुण इंग्लंड-अमेरिकेस रवाना झाले. त्यांच्या आगबोटीचे भाडे सरकारी तिजोरीतून गेले.