सासऱ्यांची शाळा, सुनेची कचेरी

अहिल्याबाई म्हटलं की घाट, देवळं आणि हातातलं शिवलिंग डोळ्यांपुढे येतं. त्यांची कचेरी मात्र सहसा आठवत नाही. जुन्या इंदुराची भरभराट झाली ती या कचेरीच्या शिस्तीमुळेही.

31 मे 1725 ला चौंडीत जन्मलेली ही मुलगी 1733 मध्ये होळकरांची सून झाली. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. सती निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी अडवलं आणि कामाला लावलं. ते मोहिमेवर असताना वसूल, हिशेब, पत्रव्यवहार त्याच पाहत. 1765 मधल्या एका पत्रात चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जाणं, तोफांच्या दारूगोळ्याची तजवीज करणं, वाटेवर चौक्या बसवणं अशी कामं त्यांना नेमून दिलेली दिसतात.

1766 मध्ये मल्हारराव गेले, वर्षभरात मुलगा मालेरावही. दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी मांडला. बाईंनी तो झिडकारला. माधवराव पेशव्यांनी बाईंचा अधिकार मान्य केला. फौज तुकोजी होळकरांकडे देऊन बाई महेश्वराहून राज्य पाहू लागल्या.

दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात बसत, त्या सहापर्यंत. पूजा-फराळ आटोपला की रात्री नऊ ते अकरा पुन्हा काम. धनीणच अशी बसल्यावर कारकुनांची काय बिशाद चुकारपणा करण्याची!

माणसं त्या पारखून घेत आणि मग सहसा बदलत नसत. गोविंदपंत गानू अखेरपर्यंत कारभारी राहिले. इंदूरचे कमाविसदार, त्यांचंही नाव खंडेराव, वीस वर्षांहून अधिक काळ त्याच जागी होते. गावातलं घर न् घर त्यांना ठाऊक असणार. नियमही सर्वांना सारखा. देवीचंद सावकार निपुत्रिक वारले तेव्हा तुकोजींनी त्यांच्या संपत्तीत वाटा मागितला. विधवेने महेश्वर गाठलं. बाईंनी तिचा सन्मान केला आणि तुकोजींनाच इंदुराजवळचा तळ हलवायला लावलं. हे पाहिलेल्या कमाविसदाराला वेगळी ताकीद कशाला हवी?

13 ऑगस्ट 1795 ला बाई गेल्या. पुढे माल्कमसाहेब माळव्यात माहिती जमवू लागले, तेव्हाही लोक त्या कारभाराचीच आठवण काढत होते.

मी स्वतः सरकारी नोकर. प्रशिक्षण चार दिवसांत उरकतं, आणि टेबल समजू लागतं तोच बदलीचा हुकूम हातात पडतो. म्हणून वाटतं, बाईंच्या पुतळ्याला हार घालतो तसा त्यांच्या कचेरीचा धडाही एकदा गिरवावा.