वर्गणीविना चाललेली कामगार संघटना

भारतीय कामगार चळवळीचे जनक मानले जाणारे रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केल्यानंतर ते मुंबईतील मांडवीच्या कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणी कामगारांचे हाल तेथे त्यांनी जवळून पाहिले.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी भारावलेल्या लोखंडे यांनी १८८० साली ‘दीनबंधू’ या पत्राची धुरा स्वीकारली. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारदरबारी गेले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, या त्यातील प्रमुख मागण्या होत्या.

मात्र या संघटनेची तिजोरी रिकामीच होती. तिला सभासदांची नोंदवही, निधी वा नियमावली यांपैकी काहीच नसल्याची नोंद १८९२ सालच्या सरकारी अहवालात झाली. ज्यांना स्वतःच्या पगाराची तारीख मागून घ्यावी लागत होती, त्यांच्याकडून दरमहा वर्गणीची अपेक्षा तरी कशी करावी? निधीची उणीव लोखंडे यांची लेखणी, त्यांचा शब्द आणि हजारोंच्या सभा यांनी भरून काढली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुटीची तरतूद झाली.

या यशाची दुसरी बाजूही होती. सारा डोलारा एका व्यक्तीवर उभा होता. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने लोखंडे यांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे संघटनाही टिकली नाही. तिचे काम पुढे नेण्यास ना शिल्लक होती, ना सभासदांची यादी.

१९२६ च्या कामगार संघटना कायद्याने नोंदणीकृत संघटनांना सभासदांची यादी ठेवणे आणि दरवर्षी जमाखर्च सादर करणे बंधनकारक केले. पुढे किमान वर्गणीही कायद्याने ठरली. २००१ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण कामगारासाठी ती वर्षाला अवघी १२ रुपये होती. रक्कम लहान, पण नेता गेल्यावरही संघटना जिवंत ठेवणारी!

२००५ मध्ये लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. त्यांचे खरे स्मारक मात्र दर आठवड्याला येणारा रविवारच होय.