संशयाला नीतीचे बळ देणारे वामन मल्हार

१९३० साली मराठी साहित्य संमेलन मडगावला भरले. गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि मराठीचा हा उत्सव त्या सीमेपलीकडे होत होता. अध्यक्षपदासाठी निवड झाली ती वामन मल्हार जोशी यांची. तोवर महाराष्ट्र त्यांना दोन नात्यांनी ओळखत होता. ‘रागिणी’ आणि ‘नलिनी’ लिहिणारे कादंबरीकार ही त्यांची एक ओळख, तर ‘नीतिशास्त्र-प्रवेश’ लिहिणारे तत्त्वज्ञ ही दुसरी. त्याच वर्षी त्यांची ‘सुशीलेचा देव’ ही कादंबरीही प्रसिद्ध झाली. कादंबरीकार आणि तत्त्वचिंतक या दोन भूमिका एकाच माणसाच्या ठायी नांदल्याची उदाहरणे मराठीत मोजकीच आहेत. वामनरावांच्या बाबतीत त्या एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्या की एक बाजूला ठेवून दुसरीचा विचार करता येत नाही.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १८८२ रोजी कुलाबा जिल्ह्यातील तळे या गावी झाला. तत्त्वज्ञान हा विषय घेऊन १९०६ साली ते एम. ए. झाले. त्या काळी ही पदवी हाती असलेल्या तरुणाला सरकारी नोकरीची वाट मोकळी असे. वामनरावांनी ती धरली नाही. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांचे वारे देशभर वाहत होते. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांनी कोल्हापुरात समर्थ विद्यालय चालविले होते. वामनराव तेथे शिक्षक झाले आणि विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकाचे कामही पाहू लागले.

१९०८ साली या मासिकात श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक तेजस्वितेविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. सरकारला त्यात राजद्रोह दिसला. लोकमान्य टिळकांना मंडालेला पाठविणारे हेच वर्ष. लेख वामनरावांच्या लेखणीतून उतरलेला नव्हता, तरीही मासिकाशी असलेल्या संबंधामुळे विजापूरकरांबरोबर त्यांनाही तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. ऐन पंचविशीत तत्त्वज्ञानाचा हा पदवीधर तुरुंगात गेला. वामनरावांच्या स्वभावाविषयी पुढे जे आक्षेप घेतले गेले, त्यांचा विचार करताना हा प्रसंग नजरेआड होऊ देता कामा नये.

सुटकेनंतर काही काळ त्यांनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’च्या संपादकवर्गात काम केले. मात्र त्यांच्या आयुष्याला स्थिर दिशा मिळाली ती महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या कार्यात. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. स्त्रियांना मातृभाषेतून उच्च शिक्षण देणाऱ्या या प्रयोगाकडे सुशिक्षित समाजातील पुष्कळजण अविश्वासाने पाहत होते. वामनराव तेथे अध्यापक झाले आणि पुढे प्राचार्यही. पैसा वा मोठेपणा यांपैकी काहीच त्या कामात फारसे मिळण्यासारखे नव्हते. वर्गात समोर बसलेल्या मुली आणि विधवा मात्र होत्या. परंपरेने त्यांच्यासाठी घालून दिलेल्या नियमांचे प्रत्यक्ष आयुष्यात काय होते, हे त्यांच्याकडे पाहून रोज कळत होते.

‘रागिणी’ १९१५ साली पुस्तकरूपाने आली. हरिभाऊ आपट्यांनी स्त्रीच्या दुःखाला कादंबरीत वाचा फोडली होती. वामनरावांनी त्या दुःखामागचे नैतिक प्रश्न चर्चेला घेतले. श्रद्धाळू आणि हळव्या मनाची रागिणी एकीकडे, तर स्त्रीच्या हक्कांविषयी निर्भीडपणे बोलणारी उत्तरा दुसरीकडे, अशी ही मांडणी आहे. पातिव्रत्याची मर्यादा कोठे संपते, पत्नीचे कर्तव्य आणि माणूस म्हणून तिचे स्वत्व यांत विरोध आला तर काय करावे, अशा प्रश्नांवर पात्रे पानोपानी वाद घालतात. या दोघींपैकी एकीला जिंकविणे आणि दुसरीला हरविणे लेखकाला सहज शक्य होते. त्यांनी तो मोह टाळला. रागिणीच्या निष्ठेतील सौंदर्य त्यांना दिसत होते आणि उत्तरेच्या प्रश्नांतील सत्यही. पुढच्याच वर्षी ‘आश्रमहरिणी’ या छोट्या कादंबरीत त्यांनी पुराणकाळाचे वातावरण उभे केले आणि स्त्रीच्या पुनर्विवाहाचा त्या काळचा ज्वलंत प्रश्न ऋषींच्या आश्रमात नेऊन ठेवला. धर्माच्या नावाने ज्याला विरोध होत होता, त्याचा विचार धर्माच्याच अंगणात व्हावा, हा त्यामागचा हेतू स्पष्ट दिसतो.

‘नीतिशास्त्र-प्रवेश’ हा ग्रंथ १९१९ सालचा. चार वर्षांपूर्वीच टिळकांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले होते आणि कर्म-अकर्माची चर्चा घरोघरी पोहोचली होती. कर्माची योग्यता परिणामावरून ठरवावी की हेतूवरून, अधिकांचे अधिक सुख हा निकष पुरेसा आहे का, सदसद्विवेकबुद्धीचा निर्णय अखेरचा मानावा का, हे नीतिशास्त्राचे मूळ प्रश्न आहेत. वामनरावांनी ते मराठी वाचकापुढे शास्त्रीय शिस्तीने आणि समजेल अशा भाषेत मांडले. प्लेटोचे सॉक्रेटिससंवादही त्यांनी मराठीत आणले. उत्तर हाती देण्याऐवजी प्रश्न विचारून समोरच्याला विचार करायला लावणारा हा ग्रीक तत्त्वज्ञ त्यांना जवळचा वाटावा, यात नवल नाही. त्यांच्या कादंबऱ्यांतील दिवाणखान्यांत चालणाऱ्या चर्चांची घडण त्या संवादांशी नाते सांगते.

शास्त्रग्रंथ लिहून झाल्यावरही वामनराव कादंबरीकडे परतले. शास्त्रात तत्त्व एकटे उभे असते. संसारात मात्र एका तत्त्वाची गाठ दुसऱ्या तत्त्वाशी पडते. सत्य बोलावे हे खरे आणि कोणाचे मन दुखवू नये हेही खरे. परंतु एका घरात, एका संध्याकाळी, एका विशिष्ट माणसापुढे दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. तेथे काय करावे, हे ठरविण्यासाठी त्या माणसाचे पूर्वायुष्य, त्याचे मन आणि त्याच्या भोवतीची माणसे माहीत असावी लागतात. हे सारे कादंबरीच दाखवू शकते. म्हणून त्यांच्या कादंबऱ्या या नीतितत्त्वांची उदाहरणे ठरत नाहीत. तत्त्वे तेथे माणसांच्या सुखदुःखावर घासून पाहिली जातात आणि कधी कधी उणी पडतात.

‘सुशीलेचा देव’मध्ये हे सर्वांत ठळकपणे दिसते. बालपणी मनात बसलेल्या मूर्तीतील देवापासून सुशीलेचा प्रवास सुरू होतो. पतीलाच देव मानण्याची शिकवण अनुभवापुढे टिकत नाही. अखेरीस सत्य, मांगल्य आणि लोकसेवा या मूल्यांतच ती देव पाहू लागते. देवाची कल्पना बदलत जाते, पण श्रद्धेची भूक संपत नाही. श्रद्धा सोडलीच पाहिजे असा सुधारकी हट्ट तेथे नाही, आणि जुनी श्रद्धा जशीच्या तशी राखावी असा सनातनी आग्रहही नाही. श्रद्धेने विवेकाची परीक्षा द्यावी, एवढीच अपेक्षा आहे. आणि ही परीक्षा घेण्याचा अधिकार लेखकाने एका स्त्रीच्या हाती दिला आहे. शास्त्रार्थ पुरुषांनी करायचा आणि स्त्रियांनी तो पाळायचा, अशी वहिवाट असलेल्या समाजात ही गोष्ट लहान नव्हती.

१९३४ साली आलेल्या ‘इंदु काळे व सरला भोळे’मध्ये तर निवेदकही उरला नाही. सारी कादंबरी पत्रांतून उलगडते. प्रत्येकजण आपली बाजू आपल्या हाताने लिहितो आणि निर्णय वाचकावर सोपविला जातो. कला आणि नीती यांचे नाते हा तिच्यातील एक मुख्य विषय. मराठीत तेव्हा कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद रंगला होता. फडके आणि खांडेकर यांची नावे त्या वादाच्या दोन टोकांना जोडली जात. वामनराव दोन्ही टोकांपासून दूर राहिले. कलेच्या सौंदर्याला स्वतःचे मूल्य आहे हे त्यांना मान्य होते. मात्र सत्य, शिव आणि सुंदर यांची कायमची फारकत त्यांना पटणारी नव्हती. १९४० च्या ‘विचारसौंदर्य’मध्ये साहित्य आणि जीवनमूल्ये यांच्या या नात्याची चर्चा आहे.

ही समतोल वृत्ती अनेकांना मानवली नाही. वामनराव प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडतात आणि मधेच थांबतात, असा आक्षेप घेतला गेला. संशयात्मा हे विशेषण त्यांना चिकटले. कादंबरीकार म्हणूनही दोष दाखविले गेले आणि त्यांत तथ्य आहे. चर्चेच्या ओघात कथानक रेंगाळते, काही पात्रे मतांची वाहक होतात. त्यांचे जगही बहुतांशी सुशिक्षित पांढरपेशांचे आहे. शेतातली वा गिरणीतली बाई आणि तिचे नैतिक पेच तेथे क्वचितच डोकावतात.

तथापि संशय माणसाला कृतिशून्य करतो, हा आरोप त्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही. वैचारिक वादात दोन्ही बाजूंना न्याय देणाऱ्या या माणसाने दुसऱ्याच्या लेखासाठी सक्तमजुरी भोगली होती. स्त्रीशिक्षणाचे काम लोकमान्य होण्याची वाट न पाहता त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे त्यात घातली. कोणती गोष्ट निश्चित आहे आणि कोणती नाही, याचे भान त्याला होते. पातिव्रत्याची व्याख्या वादग्रस्त असू शकेल. मुलीला शिकू द्यावे की नाही, हा प्रश्न त्याच्यापुरता सुटलेला होता. मतांविषयी साशंक आणि कर्तव्याविषयी निःशंक राहणे त्याला साधले, कारण आपण चुकत असू ही शक्यता मान्य करणे हाच त्याच्या दृष्टीने नीतीचा आरंभ होता. ज्याला स्वतःच्या मताची शंका कधीच येत नाही, तो दुसऱ्याचे दुःख ऐकून घेत नाही.

२० जुलै १९४३ रोजी वामन मल्हार जोशी यांचे निधन झाले. ‘रागिणी’ आज अभ्यासक्रमाच्या निमित्ताने अधिक वाचली जाते आणि तिची भाषा नव्या वाचकाला जड वाटते. तरीही थोडा धीर धरून आत शिरणाऱ्याला तेथे एक दुर्मीळ गोष्ट सापडते. परस्परविरोधी मतांची माणसे एका दिवाणखान्यात बसली आहेत, कडाक्याने भांडत आहेत, आणि समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून झाल्याशिवाय कोणीही उठून जात नाही.