कर्मवीरांचा हिशेब

देश स्वतंत्र होण्यास दोन महिने उरले असताना, १९४७ च्या जूनमध्ये, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. या भागात महाविद्यालये त्यापूर्वीही होती. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० चे आणि सांगलीचे विलिंग्डन कॉलेज १९१९ चे. परंतु खेड्यातील गरीब मुलाला ती दुरूनच पाहावी लागत. फी, खोलीभाडे, खाणावळ आणि पुस्तके यांची बेरीज त्याच्या बापाच्या वर्षभराच्या पिकात मावत नसे. साताऱ्याच्या नव्या कॉलेजात अशा मुलाकडे पैसे मागितले गेले नाहीत. श्रम मागितले गेले. हे कॉलेज काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यापाशी स्वतः परीक्षा देऊन मिळविलेली विद्यापीठाची पदवी नव्हती. आज दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत फीचा आकडा पाहून कित्येक घरांत मुलांच्या, आणि त्याहून आधी मुलींच्या, शिक्षणाबद्दल पुनर्विचार सुरू होतो. अशा वेळी या पदवीहीन माणसाने मांडलेला हिशेब पुन्हा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणे मूळचे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. तेथे असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, आणि त्या प्रकरणाची परिणती बोर्डिंगमधून बाहेर पडण्यात झाली. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत वसतिगृहाचे दार बंद होणे म्हणजे शाळेचेच दार बंद होणे होय, ही गोष्ट त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

पुढे साताऱ्यात त्यांनी खासगी शिकवण्या केल्या. पाटील मास्तर म्हणून ते ओळखले जाऊ लागले. त्यानंतर ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर यांच्या विक्रीच्या निमित्ताने ते गावोगाव हिंडले. नांगर विकत घेणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी पाटी-पुस्तक नाही, हे दृश्य त्यांनी जवळून पाहिले. सत्यशोधक चळवळीच्या संस्कारात वाढलेल्या मनाला त्याचा अर्थ लावणे कठीण नव्हते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. ज्या वर्षी सांगलीस विलिंग्डन कॉलेज उभे राहिले, त्याच वर्षी त्या कॉलेजच्या पायरीपर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांसाठी शेजारच्याच भागात ही संस्था जन्मास आली, हा योगायोग बोलका आहे.

१९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले एका छताखाली राहू लागली आणि एका पंक्तीस जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. परंतु नामकरणाने कोठी भरत नाही. मुलांची संख्या वाढली तसा धान्याचा प्रश्न बिकट झाला, आणि भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने एकामागून एक मोडले गेले. अखेरीस मंगळसूत्रही त्यांनी मुलांच्या अन्नासाठी दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. रयतच्या इतिहासातील पहिली मोठी देणगी कोणती, असा प्रश्न विचारला तर लक्ष्मीबाईंचेच नाव घ्यावे लागेल.

एका घरातील सोन्यावर शेकडो मुले फार काळ शिकू शकत नाहीत, हे भाऊराव जाणून होते. म्हणून त्यांनी दोन आधार शोधले. पहिला समाजाचा. गावकऱ्यांकडून त्यांनी धान्य गोळा केले. ज्याच्यापाशी रुपया नाही त्याच्यापाशी मूठभर ज्वारी तरी असतेच. दुसरा आधार विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या हातांचा. मुलांनी शेती केली, भाजीपाला पिकविला, स्वयंपाक केला, दगड फोडले, इमारतींच्या बांधकामावर राबले. या श्रमांतून शिक्षणाचा आणि पोटाचा खर्च भागवावयाचा, हेच ‘कमवा आणि शिका’ या योजनेचे सूत्र. १९४० मध्ये साताऱ्यात निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये आणि सात वर्षांनी शिवाजी कॉलेजमध्ये तेच राबविले गेले. दयेच्या पैशावर शिकणारा विद्यार्थी मान खाली घालून वावरतो. स्वतःच्या घामावर शिकणाऱ्यास तसे वावरण्याचे कारण उरत नाही.

या मार्गाची कसोटी १९४८ मध्ये लागली. सरकारशी मतभेद झाले आणि संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. संस्था मिटवून घेणे किंवा मुलांवर फी बसविणे, हे दोन सोपे मार्ग होते. भाऊरावांनी ते दोन्ही नाकारले आणि लोकांकडे धाव घेतली. लोकांनी मदत केली. संत गाडगे महाराजांनी बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली. अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कऱ्हाडला निघालेल्या कॉलेजास गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. १९५९ मध्ये केंद्र सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. दिली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

शिक्षणाच्या खर्चास राज्यकर्त्यांनी दिलेली दोन महत्त्वाची उत्तरेही याच मातीतून निघावीत, हे विशेष होय. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील विद्यार्थ्यांना फीमाफीची सवलत मिळाली. जातीऐवजी उत्पन्न पाहणाऱ्या या सवलतीने शेतकरी आणि कारकून यांची एक पिढी कॉलेजात आणली. त्यानंतर १९८३ मध्ये सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्यात आली. जागा वाढल्या, परराज्यात जाणारी मुले येथेच शिकू लागली, हा लाभ नाकारता येणार नाही. परंतु खर्चाचा भार तिजोरीवरून पालकांच्या खांद्यावर सरकला. त्या पाठोपाठ देणग्यांचा बाजार असा फोफावला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध राज्याला कायदा करावा लागला. २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी देण्याचा निर्णय झाला, तो या भाराची अप्रत्यक्ष कबुलीच म्हटला पाहिजे.

भाऊरावांची योजना आहे तशी आज लागू करावी, असे मात्र कोणी म्हणू नये. ज्या काळी फी थोडी होती आणि मुख्य खर्च पोटाचा होता, त्या काळी कुदळीने तो भागू शकला. लाखाच्या घरातील फी सुट्टीच्या दिवशी माती उकरून फिटणारी नाही. कमवा आणि शिका ही योजना आज अनेक महाविद्यालयांत आहे. तिने खिशाला आधार मिळतो, फी भरून निघत नाही. हे सत्य झाकून विद्यार्थ्यांना केवळ स्वावलंबनाचा उपदेश करणे ही कर्मवीरांच्या नावाची विटंबना ठरेल.

घेण्याजोगी आहे ती त्यांच्या हिशेबाची रीत. त्यांनी आधी विद्यार्थी मोजला आणि मग पैसे. आज बहुधा आधी पैसे मोजले जातात आणि उरला तर विद्यार्थी. त्यांनी फीबरोबर भाकरी आणि निवारा हेही शिक्षणाच्याच खर्चात धरले. आज फी माफ होऊनही जतच्या किंवा माणच्या दुष्काळी गावातील मुलगी खोलीभाड्यापायी आणि खाणावळीच्या बिलापायी घरी राहू शकते. आणि तूट आली तेव्हा ती त्यांनी स्वतःच्या घरावर घेतली, समाजापुढे मांडली, सरकारकडे मागितली. विद्यार्थ्याच्या माथी मारली नाही. संस्थाचालक, लोकप्रतिनिधी आणि शासन यांच्यापैकी जो कोणी कर्मवीरांच्या पुतळ्यास हार घालतो, त्याने यंदा आपल्या संस्थेतून किंवा आपल्या मतदारसंघातून फीअभावी आणि वसतिगृहाअभावी किती मुले मागे फिरली, एवढा एक आकडा जाहीर करावा. हिशेबाची सुरुवात तेथून व्हावयास हवी.