फ्रँकफर्टर यांचा संयम आणि त्याची किंमत

राज्याच्या अधिकाऱ्याने नागरिकाचा घटनादत्त हक्क पायदळी तुडवला, तर नागरिकाने दाद कोणाकडे मागायची? त्याच राज्याच्या न्यायालयाकडे, की संघराज्याच्या? भारतात न्यायालयांची उतरंड एकच असल्याने हा प्रश्न या रूपात उभा राहत नाही. अमेरिकेत मात्र दोन्ही न्यायव्यवस्था वेगळ्या आहेत आणि हा वाद तेथे दीडशे वर्षे धुमसतो आहे. त्याला वळण देणारे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांचे नाव भारतीय राज्यघटनेच्या जडणघडणीतही येते.

फ्रँकफर्टर यांचा जन्म 1882 मध्ये व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात झाला. 1894 मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला स्थलांतरित झाले, तेव्हा या मुलाला इंग्रजीचा गंधही नव्हता. बारा वर्षांनी, 1906 मध्ये, तोच हार्वर्डच्या विधी महाविद्यालयातून अव्वल ठरून बाहेर पडला आणि 1914 मध्ये तेथेच प्राध्यापक झाला. 1920 मध्ये नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थापनेत फ्रँकफर्टर यांचा सहभाग होता. साको आणि व्हान्झेटी या इटालियन स्थलांतरितांना खुनाच्या खटल्यात झालेल्या शिक्षेविरुद्ध त्यांनी 1927 मध्ये जाहीर लेखन केले.

त्या काळी न्यायाधीशच कामगारांच्या वाटेतील अडसर होते. कायदेमंडळांनी केलेले कामगार कायदे न्यायालये रद्द करीत आणि संप मनाई हुकमांनी मोडून काढीत. या मनाई हुकमांवर फ्रँकफर्टर यांनी 1930 मध्ये सहलेखकासह ग्रंथ लिहिला. 1932 च्या कायद्याने संघीय न्यायालयांचा तो अधिकार आवळला गेला. निवडून न आलेल्या न्यायाधीशाने आपली सत्ता जपून वापरावी, हा धडा त्यांनी या लढाईत घेतला. 1939 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले, तेव्हा तो धडा त्यांच्यासोबत गेला.

त्याची एक मोठी परीक्षा 1941 मध्ये झाली. शयनयानाचा ताबा कंडक्टरकडेच असला पाहिजे, असा आदेश टेक्सासच्या रेल्वे आयोगाने काढला होता. कंडक्टर गोरे असत आणि पोर्टर कृष्णवर्णीय. एकच शयनयान असलेल्या गाड्यांत पोर्टरच ते सांभाळीत. आदेशाने ती जबाबदारी त्यांच्या हातून जाणार होती. पुलमन कंपनी संघीय न्यायालयात गेली आणि पोर्टरांनी वर्णभेदाची तक्रार घेऊन दाव्यात उडी घेतली. आयोगाला असा अधिकार आहे की नाही, हे आधी टेक्सासच्या न्यायालयाने ठरवावे आणि तोवर संघीय न्यायालयाने हात राखावा, असा निर्णय फ्रँकफर्टर यांनी लिहिला. राज्याचा मान राहिला, घटनात्मक पेच टळला. पोर्टरांच्या वाट्याला मात्र प्रतीक्षा आली.

1947 मध्ये घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत त्यांना भेटले. योग्य कायदेशीर प्रक्रियेच्या कलमाने न्यायाधीशांच्या हाती लोकप्रतिनिधींवर कुरघोडी करण्याची सत्ता जाते, असे फ्रँकफर्टर यांचे मत पडले. पुढे भारताच्या अनुच्छेद 21 मध्ये कायद्याद्वारे प्रस्थापित कार्यपद्धती हे शब्द आले. त्यामुळे पडलेली उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी 1949 मध्ये अटकेविषयीचे संरक्षण, आजचा अनुच्छेद 22, घटना समितीपुढे मांडले.

यादवी युद्धानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांवर होणारे अत्याचार रोखण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने 1871 मध्ये एक कायदा केला होता. राज्याच्या अधिकाराच्या बळावर हक्क हिरावणाऱ्यावर संघीय न्यायालयात दावा लावण्याची मुभा त्यात आहे. या कायद्याच्या आधारे कॅलिफोर्नियातील आमदारांच्या चौकशी समितीवर दावा आला, तेव्हा 1951 मध्ये फ्रँकफर्टर यांनी आमदारांना वैधानिक कामापुरते संरक्षण असल्याचा निकाल लिहिला. परंपरेने चालत आलेले असे संरक्षण 1871 च्या कायद्याने मोडलेले नाही, हा त्याचा पाया होता.

1961 च्या मन्रो खटल्यात कसोटी अधिक कठोर होती. शिकागोच्या तेरा पोलिसांनी वॉरंटशिवाय भल्या पहाटे एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात घुसून पती-पत्नीला मुलांसमोर विवस्त्र उभे केले होते. बहुमताने पोलिसांवरील दाव्याला वाट मोकळी केली. फ्रँकफर्टर यांनी मात्र भिन्नमत नोंदविले. पोलिसांनी राज्याचाच कायदा मोडला असेल, तर दाद राज्याच्या न्यायालयात मागावी, असे ते म्हणाले. ते समतेचे विरोधक नव्हते. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयातील पहिला कृष्णवर्णीय विधी सहायक त्यांनीच नेमला आणि शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या 1954 च्या निकालात एकमत व्हावे म्हणून ते झटले.

1962 मध्ये आजारपणामुळे ते निवृत्त झाले आणि 1965 मध्ये निवर्तले. त्यांच्यामागे दोन्ही विचार वाढत गेले. राज्यात फौजदारी खटला चालू असताना संघीय न्यायालयाने सहसा हस्तक्षेप करू नये, हे 1971 मध्ये ठरले. 1951 च्या तर्काचा आधार घेत 1967 मध्ये न्यायाधीशांना संरक्षण मिळाले. पुढे 1982 च्या निकालापासून, सुस्पष्टपणे प्रस्थापित हक्काचा भंग झाला नसेल तर अधिकारी नुकसानभरपाईतून सुटू लागला.

भारतात 1978 च्या मनेका गांधी निकालाने अनुच्छेद 21 मधील कार्यपद्धती न्याय्य असली पाहिजे असे ठरवले आणि फ्रँकफर्टर यांना नको असलेली सत्ता न्यायालयाकडे आली. कायदेमंडळापुढे न्यायाधीशाने नमते घेणे हा लोकशाहीचा आदर आहे. पण घराचे दार मोडून आत आलेल्या शिपायाला मतदारांनी निवडून दिलेले नसते. हा भेद धूसर झाला, तिथे एका थोर विधिज्ञाच्या संयमाची किंमत सर्वांत दुबळ्या फिर्यादीने मोजली.