लाकूडकामाचे आचार्य कॉरे क्लिंट

राजे, सेनापती आणि मुत्सद्दी ह्यांची चरित्रे आपण शाळेत आवडीने वाचतो. परंतु ज्या खुर्चीवर बसून आपण ती वाचतो, ती खुर्ची कोणी योजिली, तिची उंची अमुकच का, तिची पाठ किंचित कललेली का, हा विचार सहसा आपल्या मनास शिवत नाही. नित्याच्या वस्तू मुक्या असतात आणि त्यांचे कर्तेही बहुधा अनामिकच राहतात. अशा मुक्या वस्तूंच्या अभ्यासात ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचिले, त्या एका पुरुषाचा अल्प परिचय विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, हा ह्या लेखाचा हेतू होय. ते पुरुष म्हणजे डेन्मार्क देशाचे वास्तुशिल्पी व फर्निचरकार कॉरे क्लिंट.

डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेकडील एक चिमुकला देश. त्याची एकंदर लोकसंख्या आपल्या मुंबई शहराहूनही पुष्कळ कमी भरेल. तरी पार्लेकरांस तो अगदीच अपरिचित नाही. १९३८ साली हेनिंग होल्क-लार्सन व सोरेन टुब्रो ह्या दोन डॅनिश अभियंत्यांनी मुंबईत जी कंपनी स्थापिली, तिचे नाव पवईच्या कारखान्यामुळे आपल्या उपनगरात घरोघर ठाऊक आहे. आमचे चरित्रनायक ह्याच देशाचे, आणि ह्या दोघांहून वयाने सुमारे अठरा वर्षांनी वडील.

कॉरे क्लिंट ह्यांचा जन्म १५ डिसेंबर १८८८ रोजी कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग येथे झाला. त्यांचे वडील पेडर विल्हेल्म येन्सेन-क्लिंट हे मोठे कल्पक गृहस्थ होते. ते शिक्षणाने अभियंते, आवडीने चित्रकार व कर्तृत्वाने वास्तुशिल्पी होते. त्यांच्या घरी रिकामा हात म्हणून कोणाचा नसे. वडिलांनी एका मातीच्या दिव्यासाठी जाड कागदास चुण्या घालून त्याचे झाकण केले, तेव्हापासून कागदाच्या चुण्या घालणे हा त्या कुटुंबाचा फावल्या वेळचा छंदच होऊन बसला. पुढे १९४३ साली कॉरे ह्यांचे बंधू टागे ह्यांनी ह्या छंदाचा धंदा केला, आणि १९४४ साली स्वतः कॉरे ह्यांनी फळाच्या आकाराचा एक कागदी कंदील योजिला. कात्री, कागद आणि चिकाटी एवढ्याच भांडवलावर उभा राहिलेला तो दिवा पुढे देशोदेशी गेला.

तरुण कॉरे प्रथम चित्रकला शिकले. नंतर वडिलांच्या व कार्ल पेटर्सन नावाच्या वास्तुशिल्प्याच्या हाताखाली उमेदवारी करून त्यांनी वास्तुविद्या आत्मसात केली. १९१४ साली फोबोर्ग गावच्या चित्रसंग्रहालयासाठी खुर्च्या करण्याचे काम त्यांच्याकडे आले. वय अवघे पंचवीस. दुसरा कोणी असता, तर आपली हौस भागविण्यासाठी नक्षीचा भडिमार करता. क्लिंट ह्यांनी आधी प्रश्न विचारला तो असा, की ह्या दालनात येणारा मनुष्य खुर्चीचे काय करील? तो ती उचलून एका चित्रासमोरून दुसऱ्या चित्रासमोर नेईल. म्हणजे ती हलकी हवी. दालनातील फरशीची नक्षी सुंदर आहे. म्हणजे खुर्चीने ती झाकता कामा नये. म्हणून त्यांनी ओक लाकडाची सडपातळ चौकट करून बैठक व पाठ वेताने विणविली. वेताच्या जाळीतून खालची फरशी दिसू लागली. डॅनिश फर्निचरच्या नव्या युगाचा आरंभ पुष्कळ जाणकार ह्याच खुर्चीपासून मानितात.

ह्या वृत्तीचा विस्तार म्हणजेच त्यांचे पुढील आयुष्य होय. १९१६ च्या सुमारास त्यांनी मनुष्यदेहाची मापे घेण्यास प्रारंभ केला. बसलेल्या माणसाचा गुडघा किती उंचीवर येतो, हात किती लांब पोहोचतो, कोपर कोठे टेकते, ह्यांची टिपणे त्यांनी केली. माणसे झाल्यावर त्यांनी वस्तूंकडे मोर्चा वळविला. सामान्य डॅनिश कुटुंबात ताटे किती, पेले किती, सदरे किती, त्यांच्या घड्या केवढ्या, ह्यांची मोजदाद करून मगच त्यांनी कपाटे आखली. परिणाम असा झाला की, बाहेरून लहान दिसणाऱ्या त्यांच्या कपाटात पूर्वीच्या अवजड कपाटांहून अधिक सामान मावू लागले. गृहिणीस ह्याचे मोल सांगावयास नको. आणि मुंबईसारख्या शहरात दोन खोल्यांत संसार थाटणाऱ्या कुटुंबास तर मुळीच नको.

ह्या काळात युरोपात मोठा वाद माजला होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत बाउहाउस नावाची कलाशाळा १९१९ साली निघाली. तेथील मार्सेल ब्रॉयर ह्यांनी १९२५ च्या सुमारास पोलादी नळ्या वाकवून खुर्च्या केल्या. यंत्रयुग आले आहे, तेव्हा जुने सारे टाकून द्यावे, अशी हाक चोहोंकडे उठली. एकीकडे ही हाक, तर दुसरीकडे जुन्या राजेशाही थाटाच्या फर्निचरची निर्जीव नक्कल करणारे कारखाने. होतकरू कलावंतास ह्या दोहोंतून एक वाट निवडणे भाग होते. क्लिंट ह्यांनी दोन्ही नाकारल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की खुर्ची, घडवंची, पेटी ह्या वस्तू मनुष्याने हजारो वर्षे वापरून सुधारीत आणिल्या आहेत. त्यांतील शहाणपण न समजता त्या फेकून देणे हा उद्धटपणा, आणि न समजता त्यांची नक्कल करणे हा आळस. आधी समजून घ्यावे, मग सुधारावे.

हे समजावयास आपणांस कोपनहेगनास जावे लागत नाही. आपल्या घरचा पाट पाहा. तो जमिनीपासून चार बोटे उंच असतो. मांडी घालून बसणाऱ्यास गारवा लागू नये एवढा उंच, आणि हात ताटापर्यंत सहज पोहोचावा एवढा ठेंगणा. हे माप कोणा एकाच्या डोक्यातून निघाले नाही. अनेक पिढ्यांच्या सुतारांनी व जेवणारांनी मिळून ते ठरविले आहे. पाटाकडे, चौरंगाकडे, अंगणातील बाजेकडे ह्या दृष्टीने पाहणे, हीच क्लिंट ह्यांची विद्या.

१९२४ साली कोपनहेगनच्या राजकीय कलाविद्यालयात फर्निचरचा स्वतंत्र वर्ग निघाला व त्याची धुरा क्लिंट ह्यांजकडे आली. त्यांची शिस्त कडक असे. वर्गात आलेल्या विद्यार्थ्यास प्रथम नवीन काही सुचविण्याची मुभा नसे. एखादी जुनी उत्तम खुर्ची समोर ठेवून तिचे इंच न् इंच मोजावे, सांधे तपासावेत, व पूर्ण आकाराचे चित्र काढावे, असा धडा असे. इंग्लंडमधील अठराव्या शतकाच्या खुर्च्या, चीन देशाचे लाकूडकाम, प्राचीन इजिप्तमधील घडीच्या तिवया, साऱ्यांचा तेथे सारखाच आदर होई. ह्याच सुमारास, १९२१ ते १९२६ ह्या वर्षांत, कोपनहेगनमधील अठराव्या शतकातील एका जुन्या रुग्णालयाचे उपयुक्त कलांच्या संग्रहालयात रूपांतर करण्याच्या कामीही ते गढून गेले होते. आज ते डेन्मार्कचे राष्ट्रीय डिझाइन संग्रहालय आहे.

आता ह्या चरित्रातील जो भाग आम्हां भारतीयांच्या विशेष जिव्हाळ्याचा, तो सांगतो. १९३३ साली क्लिंट ह्यांनी एक सुटी होणारी खुर्ची केली. अॅश लाकडाचे चार पाय, त्यांना जोडणाऱ्या गोल दांड्या, आणि कातड्याची वा कॅनव्हासची बैठक. तिला खिळा नाही, सरस नाही. दांड्यांची निमुळती टोके पायांच्या भोकांत बसवावयाची व पट्टे आवळावयाचे, की झाली खुर्ची. माणूस बसला म्हणजे त्याच्या भारानेच सांधे घट्ट होतात, आणि जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात. जगात ही सफारी खुर्ची म्हणून विख्यात आहे. परंतु तिचे कूळ आपल्या देशातील आहे! उत्तरेतील रुडकी येथे लष्करी अभियंत्यांचे ठाणे आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छावणीत वापरावयाची अशी एक खुर्ची तयार होऊ लागली, व तिला रुडकी खुर्ची हेच नाव पडले. इंग्रज अंमलदारांबरोबर ती आफ्रिकेत गेली. तिच्यावरूनच क्लिंट ह्यांनी आपली खुर्ची सिद्ध केली. त्याच वर्षी त्यांनी आगबोटीच्या डेकवरील आरामखुर्चीलाही नवे रूप दिले, ते सागवान व वेत ह्यांचे. बॅलार्ड पिअरवरून विलायतेस जाणाऱ्या उतारूंस अशा लांब खुर्च्या चांगल्या परिचयाच्या होत्या. जी वस्तू आपण रोज पाहून न पाहिल्यासारखी केली, तिचे गुण सहस्रावधी कोसांवरील एका पुरुषाने ओळखिले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु क्लिंट ह्यांची खरी कसोटी कलेच्या नव्हे, तर कर्तव्याच्या क्षेत्रात लागली. त्यांचे वडील ग्रुंड्टविग ह्या थोर धर्मोपदेशकाचे व लोकशिक्षकाचे स्मारक म्हणून कोपनहेगनमध्ये एक विशाल चर्च उभारीत होते. १९२१ साली पाया घातला गेला. सुमारे पन्नास लाख पिवळ्या विटा लागावयाच्या, आणि इमारतीचा दर्शनी भाग ऑर्गन वाद्याच्या नळ्यांसारखा आकाशात चढावयाचा. १९२७ साली मनोरा पूर्ण झाला. मात्र १९३० च्या डिसेंबरात वडील निवर्तले. चर्च अर्धेच होते. पुत्राचे स्वतःचे नाव तेव्हा कोठे गाजू लागले होते. ते काम हाती घेणे म्हणजे आयुष्यातील उमेदीची वर्षे दुसऱ्याच्या कल्पनेस वाहणे होते. कॉरे ह्यांनी ते पत्करिले. आपली छाप उमटविण्याचा मोह आवरून वडिलांच्या आराखड्याशी ते एकनिष्ठ राहिले. दहा वर्षांनी, ८ सप्टेंबर १९४० रोजी, म्हणजे जर्मन फौजांनी देश व्यापिला असता, त्या चर्चचे उद्घाटन झाले. आत लाकडी बाकांऐवजी क्लिंट ह्यांनी १९३६ साली योजिलेल्या साध्या खुर्च्या आहेत. त्यांची बैठक विणलेली असून दुसरा कोणताही शृंगार त्यांस नाही. पुढे कॉरे ह्यांचे पुत्र एस्बेन ह्यांनी तेथील मोठ्या ऑर्गनची योजना केली. एका मंदिरास तीन पिढ्यांचे हात लागले.

१९४४ साली क्लिंट कलाविद्यालयात प्राध्यापक झाले व १९४९ साली लंडनमध्ये त्यांस सन्माननीय राजकीय अभिकल्पक ही पदवी मिळाली. २८ मार्च १९५४ रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, ते कालवश झाले. त्यांनी संपत्तीचे ढीग मागे ठेविले नाहीत. मागे ठेविली ती शिष्यपरंपरा. मोगेन्स कोख, ओले वान्शर, बोर्गे मोगेन्सन असे एकाहून एक कुशल शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. ह्यांपैकी मोगेन्सन ह्यांनी १९४७ साली सहकारी संस्थेसाठी सामान्य कुटुंबास परवडेल अशी एक खुर्ची केली. ती आजही बनते व विकली जाते. डॅनिश फर्निचरचा जो डंका पुढे जगभर वाजला, त्याचा पाया ह्या मोजपट्टी हाती घेतलेल्या गुरूने घातला होता. काही तरुणांस त्यांची शिस्त जाचक वाटली व ते निराळ्या वाटेने गेले, हेही खरे. परंतु ज्या वाटेपासून दूर जावयाचे तीही आधी कोणीतरी घालून द्यावी लागते.

विद्यार्थ्यांनो, क्लिंट ह्यांजपाशी अलौकिक प्रतिभा होतीच. तथापि त्यांचे मुख्य बळ आपणां सर्वांस साध्य असणारे आहे. नीट पाहणे, नीट मोजणे, पूर्वजांच्या कामाचा मान राखणे आणि हाती घेतलेले काम दुसऱ्याचे असले तरी ते शेवटास नेणे, हे ते बळ. आपल्या आळीतील सुतार रंधा फिरविताना दिसला, तर क्षणभर थांबून त्याचा हात पाहावा, आणि शक्य झाल्यास त्याजकडून एखादा सांधा शिकून घ्यावा. पालकांनीही मुलाच्या हाती पुस्तकाबरोबर करवत व पटाशी दिल्यास त्यात कमीपणा मानू नये. ज्या हातांस वस्तू घडविता येते, त्या हातांस वस्तूची किंमतही कळते.