प्रोफेसर टोल्किन व त्यांचे वाचक

ग्रंथ लिहून संपला म्हणजे ग्रंथकर्ता मोकळा झाला, असा सामान्य समज आहे. ‘दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज’ या प्रचंड अद्भुतकथेचे कर्ते जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन यांच्या वांट्यास तें सुख आलें नाहीं. कथेचा शेवटचा खंड लोकांच्या हातीं पडला, आणि त्यांची खरी उलटतपासणी सुरू झाली. त्यांच्या चरित्राचा हाच भाग आम्हांस विशेष मननीय वाटतो. बाकीचा थोडक्यांत सांगूं.

त्यांचा जन्म ता. ३ जानेवारी १८९२ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील ब्लूमफाँटेन येथें झाला. चार वर्षांचे असतां वडील वारले, व बारा वर्षांचे असतां मातोश्रीहि निवर्तल्या. बर्मिंगहॅम येथील किंग एडवर्ड शाळेंत व पुढें ऑक्सफर्ड येथें त्यांचें शिक्षण झालें. १९१६ सालीं सोमच्या रणभूमीवर खंदकज्वरानें आजारी पडून ते परत आले. शाळेंतील जिवलग मित्रांपैकीं दोघे मात्र त्याच वर्षीं कायमचे गेले. १९२५ पासून १९५९ पर्यंत ते ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक होते.

त्यांच्या ‘दि हॉबिट’ या पुस्तकाचे पहिले परीक्षक कोण होते, हें ऐकून आमच्या बालवाचकांस मौज वाटेल. प्रकाशकांनीं तें हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलास वाचावयास दिलें. त्यानें एक शिलिंग मेहनताना घेऊन अनुकूल अभिप्राय दिला, व १९३७ सालीं तें छापलें गेलें. हाच मुलगा, रेनर अन्विन, पुढें वडिलांच्या धंद्यांत शिरला, आणि हजार पौंडांची खोट येईल असें समजूनहि त्यानें टोल्किन यांचा मोठा ग्रंथ छापण्याचें धाडस केलें.

ग्रंथकर्त्याच्या मतें तो ग्रंथ एकच होता. कागद महाग म्हणून त्याचे तीन खंड झाले. पहिले दोन १९५४ सालीं निघाले. दुसऱ्याच्या अखेरीस नायक फ्रोडो शत्रूच्या कैदेंत सांपडतो, आणि तेथेंच पडदा! परिशिष्टें पुरीं होईनात, म्हणून तिसरा खंड ता. २० ऑक्टोबर १९५५ पर्यंत लांबला. परीक्षेचा निकाल अकरा महिने अडकून राहिला तर विद्यार्थ्यांची जी अवस्था होईल, तीच वाचकांची झाली असली पाहिजे.

खंड निघाला, आणि पंडितांत दोन तट पडले. कवि ऑडन यांनीं मुक्तकंठानें स्तुति केली. एडविन म्यूर यांस त्यांतील वीर म्हणजे प्रौढांचीं सोंगें घेतलेलीं मुलें वाटलीं. अमेरिकेंतील एडमंड विल्सन यांनीं तर सगळा पोरकटपणा ठरविला. परंतु टोल्किन यांस अधिक विचार करावयास लावला तो सामान्य वाचकांच्या पत्रांनीं.

दुष्टाची आंगठी अग्निपर्वतांत टाकण्यासाठीं फ्रोडो अनंत हाल सोसून जातो. पण नेमक्या त्या क्षणीं त्याचें मन फिरतें, व ती तो आपली म्हणून बोटांत घालतो. ज्याला त्यानें पूर्वीं दयेनें जिवंत सोडलें होतें तो गॉलम त्याचें बोट चावून आंगठी घेतो, आणि तिच्यासह ज्वाळांत कोसळतो. हें अपयश फारच थोड्यांच्या लक्षांत आलें. ज्यांच्या आलें त्यांपैकीं एकानें संतापून लिहिलें कीं, अशा फितुराचा सन्मान कसला, त्याला देहान्तशासनच हवें होतें!

टोल्किन यांनीं अशा पत्रांस विस्तारानें उत्तरें दिलीं. तें ओझें शेवटपर्यंत पेलणें कोणाच्याहि शक्तीबाहेरचें होतें; फ्रोडोनें आपलें सर्वस्व वेंचलें होतें, आणि त्याच्या दयेमुळेंच अखेर कार्य सिद्धीस गेलें, असें त्यांचें म्हणणें. आमच्या मतें रागावलेल्या त्या वाचकानेंहि पुस्तक बारकाईनें वाचलें होतें. नायक हरला हें त्यानें पाहिलें, दया जिंकली हें मात्र पाहिलें नाहीं.

सारींच पत्रें अशीं कडू नव्हतीं. कथेंतील एका पात्राचेंच नांव आपलें आहे, असें लंडनच्या एका गृहस्थानें १९५६ सालीं कळविलें, तेव्हां टोल्किन यांनीं त्याला तिन्ही खंड स्वाक्षरी करून पाठविले. पुढें ग्रंथ फारच लहान झाला, एवढाच एक आक्षेप आपणांस मान्य असल्याचें त्यांनीं प्रस्तावनेंत नमूद केलें.

१९६५ नंतर स्वस्त आवृत्त्यांमुळें अमेरिकेंत वाचक अतोनात वाढले. तिकडील दिवस म्हणजे इकडील रात्र, याचें भान न ठेवतां लोक टेलिफोन करीत. वृद्ध प्राध्यापकांची झोंप मोडे. १९६८ सालीं ते पत्नीसह बोर्नमथ येथें जाऊन राहिले. १९७१ सालीं पत्नी वारल्यावर ते ऑक्सफर्डला परतले, व ता. २ सप्टेंबर १९७३ रोजीं, बोर्नमथ येथेंच पाहुणे म्हणून गेले असतां, वयाच्या ८१ व्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें.